जुनी गाडी स्क्रॅपला द्यायचीय? कागद, ऑइल, गॅस, बॅटरी सगळ्याचं काय करायचं ते आधी वाचा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सध्या चार गाड्या नुसत्या उभ्या आहेत. टायर बसलेले, काचेवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ, एकीच्या खाली मांजरीनं दोनदा पिल्लं घातली, आणि चारही मालकांना विचारलं तर उत्तर एकच, "काढायचीय हो एकदा, वेळच मिळत नाही". पाचवी गाडी आमची होती, बाबांची २००४ ची मारुती ८००. ती मी २०२५ मध्ये रीतसर स्क्रॅपला दिली आणि तेव्हापासून बिल्डिंगमधले, ऑफिसमधले, नात्यातले सगळे मलाच विचारतात, कुठं दिली, किती मिळाले, आरटीओत किती खेपा झाल्या. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. ज्यांनी आधी कधीच गाडी स्क्रॅप केलेली नाही त्यांच्यासाठी आहे हे, त्यामुळे अगदी सुरुवातीपासून.

पण आधी आमच्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती दहापैकी आठ घरांत होते. ८०० च्या आधी बाबांची एक जुनी स्कूटर होती. ती आम्ही दारावर आलेल्या भंगारवाल्याला बावीसशे रुपयाला देऊन टाकली, आरसी बुक घरातच राहिलं, त्यानं मागितलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. टेम्पोत घालून गेली, आम्ही म्हटलं सुटलो. दीड वर्षानं घरी नोटीस आली, त्या नंबरवर तीन चलनं, दोन सिग्नल तोडल्याची आणि एक हेल्मेटचं. म्हणजे स्कूटर तोडलीच नव्हती, कोणीतरी ठीकठाक करून चालवत होतं, आणि सरकारच्या लेखी ती अजून बाबांचीच होती. नशीब फक्त चलनं होती. त्या स्कूटरवरून अपघात झाला असता किंवा कोणी चेन ओढून पळालं असतं तर पोलीस पहिले आमच्याच दारात आले असते.

भंगारवाल्याला मी दोष देत नाहीये, तो बिचारा वजनावर लोखंड घेतो, पोट भरतो. पण गाडी म्हणजे नुसतं लोखंड नाही आणि सगळा प्रश्न तिथंच आहे.

गाडीच्या पोटात काय काय असतं

हे समजलं की नियम का केलेत ते आपोआप कळतं, म्हणून आधी हेच. साध्या पेट्रोल गाडीत तीन-चार लिटर इंजिन ऑइल असतं, गिअरचं वेगळं, ब्रेक ऑइल वेगळं, रेडिएटरमध्ये कूलंट, टाकीत तळाला राहिलेलं पेट्रोल. बॅटरीत शिसं आणि गंधकाचं आम्ल. चाकांच्या रिमवर बॅलन्सिंगचे छोटे वजनाचे तुकडे चिकटवलेले असतात ना, जुन्या गाड्यांत ते पण शिशाचे. फार जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस. सायलेन्सरच्या लाइनमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महागडे धातू.

आणि एसीचा गॅस. याच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही कारण तो दिसत नाही आणि वासही येत नाही. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो, त्याचा एक किलो हवेत सोडला तर हवामान तापवण्याच्या बाबतीत तो साधारण १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात. त्याच्या आधीच्या गाड्यांत आर-१२ असायचा, तो तर वरून ओझोनचा थर खातो. भंगारच्या दुकानात हा गॅस काढून साठवायचं मशीनच नसतं. पाइपवर एक घाव बसतो, फुस्स आवाज येतो आणि संपलं, सगळा गॅस हवेत.

उघड्यावर गाडी तोडतात ती जागा एकदा जवळून बघा, मी बघितलीय. जमीन काळी आणि मऊ, चप्पल चिकटते, पावसाळ्यात त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आणि तो तवंग सरळ शेजारच्या नाल्यात, नाला नदीत. वायरमधलं तांबं काढायला वायरींचा ढीग पेटवतात, त्या प्लॅस्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात आणि तो धूर तिथं काम करणारी पोरं रोज घेतात. बॅटरी फोडून आम्ल ओततात कुठंतरी आणि शिसं वितळवतात. शिशाचं विष सगळ्यात जास्त बाधतं ते लहान मुलांना, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो नंतर भरून निघत नाही. सीएनजीची टाकी पूर्ण रिकामी न करता गॅस कटर लावला तर ती बॉम्बसारखी फुटते, न उघडलेली एअरबॅग पण तशीच धोकादायक. त्यामुळे मला दोन-तीन हजार कमी मिळाले तरी चालतील पण गाडी नीट तोडली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि तुम्हाला पण वाटावं म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

नियम काय म्हणतात, थोडक्यात

दोन नियम लक्षात ठेवा, बाकीचं सगळं त्यातूनच येतं. पहिला परिवहन खात्याचा, सप्टेंबर २०२१ मध्ये आला. त्यानुसार गाडी तोडायचं काम फक्त नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रातच व्हायला पाहिजे, याला सगळे आरव्हीएसएफ म्हणतात, मी पुढे नुसतं 'केंद्र' म्हणते. दुसरा केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाचा, 'एंड ऑफ लाइफ व्हेइकल्स' नियम, म्हणजे आयुष्य संपलेल्या गाड्यांचे नियम. ते जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत.

या दुसऱ्या नियमात गाडी बनवणाऱ्या कंपनीवर पण जबाबदारी टाकलीय आणि मला हे सगळ्यात आवडलं. कंपनीनं २० वर्षांपूर्वी विकलेल्या खाजगी गाड्यांत आणि १५ वर्षांपूर्वी विकलेल्या कमर्शियल गाड्यांत जेवढं पोलाद वापरलं होतं त्यातलं निदान ८ टक्के परत मिळवलं गेलंय असं दाखवायला लागतं, २०३०-३१ पासून ते १३ टक्के आणि २०३५-३६ पासून १८ टक्के. यासाठी कंपन्या केंद्रांकडून सर्टिफिकेट विकत घेतात, म्हणजे केंद्राला नीट काम करण्याचे जास्तीचे पैसे मिळतात. इतकी वर्षं गाडी विकली की कंपनीचा संबंध संपला असं चाललं होतं, ते आता बदलतंय.

आपल्यासारख्या मालकांसाठी महत्त्वाचं वाक्य एकच, गाडी 'आयुष्य संपलेली' झाली की त्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत ती केंद्रात, त्यांच्या कलेक्शन सेंटरवर किंवा कंपनीनं ठरवून दिलेल्या ठिकाणी जमा करायची. आयुष्य संपलेली कधी धरायची? रजिस्ट्रेशनची मुदत संपली आणि रिन्यू केलं नाही तर, फिटनेस टेस्टमध्ये नापास होऊन अनफिट ठरली तर, रजिस्ट्रेशन रद्द झालं तर, कोर्टाचा तसा आदेश असेल तर, किंवा अपघात, आग, पूर वगैरेमुळे मालकानं स्वतःच ही आता टाकाऊ आहे असं जाहीर केलं तर. आता आमच्या पार्किंगमधल्या त्या चार गाड्या बघा, तिघांचं रजिस्ट्रेशन संपून वर्षं झालीत. त्यांना वाटतं गाडी नुसती उभी आहे, कोणाला काय त्रास. नियमाप्रमाणे ती आयुष्य संपलेली गाडी आहे आणि ती जमा करायची जबाबदारी मालकाची आहे.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट, गावाकडून दोघांनी विचारलं म्हणून सांगते, शेतीचा ट्रॅक्टर, त्याची ट्रॉली, हार्वेस्टर आणि पॉवर टिलर या पर्यावरणवाल्या नियमातून वगळलेत.

पायरी १: खरंच स्क्रॅप करायचीय का ते ठरवा

व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं १५ वर्षं झाली की गाडी स्क्रॅप करायलाच लागते असं नाहीये. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं हा विषय दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआर भागाचा आहे, तिथं एनजीटी (राष्ट्रीय हरित लवाद) आणि सुप्रीम कोर्टाचे आदेश आहेत म्हणून. आपल्याकडे खाजगी गाडीला १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून दर ५ वर्षांसाठी रजिस्ट्रेशन वाढवून मिळतं, ज्याला आपण रिपासिंग म्हणतो. सरकारी गाड्यांचं वेगळं आहे, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन पुढे चालत नाही, त्या स्क्रॅपलाच जातात.

मग ठरवायचं कसं? सरळ हिशोब घाला. आमच्या ८०० चं २०१९ ला रिपासिंग केलं तेव्हा फी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारला ती पाच हजार झाली, टू-व्हीलरला एक हजार. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला दहा हजार आणि टू-व्हीलरला दोन हजार. त्यावर पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी, आणि फिटनेसला पास व्हायला करावं लागणारं काम, आमच्या गाडीचा तर खालचा पत्रा सडला होता. गॅरेजवाल्यानं काम सांगितलं त्या पैशात दोन वर्षं रिक्षानं फिरणं झालं असतं. गाडी चांगली असेल, वापरात असेल तर जरूर ठेवा, चालती गाडी तोडण्यात पण काही पुण्य नाही. पण वर्षभर जागेवरून हललीच नसेल तर ती ठेवण्याला काही अर्थ नाही.

पायरी २: कागदाची बाजू साफ करा

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून केंद्र शोधायच्या आधी हे करा. स्क्रॅपचा अर्ज ऑनलाइन भरताना परिवहनची 'वाहन' सिस्टिम स्वतःच चार गोष्टी तपासते. गाडीवर कर्जाचा बोजा चढलेला आहे का, गाडीवर काही गुन्ह्याची किंवा चोरीची नोंद आहे का, काही थकबाकी आहे का आणि आरटीओनं गाडी ब्लॅकलिस्ट केलीय का. यातलं एक जरी निघालं तरी अर्ज पुढे जातच नाही.

आमचा अडकला बोज्यावर. कर्ज २००९ मध्येच फिटलेलं, पण बँकेची एनओसी घेऊन आरसीवरून बोजा उतरवायचं राहून गेलेलं. सोळा वर्षांनी बँकेत जाऊन ते खातं शोधायला लावणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत, तीन आठवडे गेले, शाखासुद्धा बदललेली होती. एनओसी आणि फॉर्म ३५ दिल्यावर बोजा उतरला. त्यामुळे आजच परिवहनच्या साइटवर किंवा अॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा, फायनान्सरचं नाव दिसतंय का. चलनं पण तिथंच दिसतात, भरून टाका आणि पावती ठेवा.

मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा लागतो, बाकीच्या वारसांची संमती पण घेऊन ठेवा. हे आधीच तयार ठेवलं तर बरं, कारण घरात भाऊ-बहीण असतील तर एका गाडीवरून पण मनं दुखावतात. बाकी नेहमीचंच, मूळ आरसी, आधार, पॅन, आणि पैसे खात्यात जमा व्हायला कॅन्सल्ड चेक. आरसी हरवली असेल तर काय करायचं ते केंद्राला आधी विचारा, तसेच जाऊन उभे राहू नका.

पायरी ३: केंद्र शोधा आणि नीट विचारा

केंद्रांची यादी परिवहनच्या पोर्टलवर आहे. गाडी ज्या आरटीओची आहे तिथंच द्यायला लागते असं नाही, देशातल्या कुठल्याही नोंदणीकृत केंद्रात चालते. म्हणजे गाडी एमएच-०९ कोल्हापूरची आणि तुम्ही राहता पुण्यात तर पुण्याजवळच द्या. गोव्याची गाडी घेऊन महाराष्ट्रात राहणाऱ्यांना पण हेच लागू.

आता 'आम्ही सरकारमान्य' असा बोर्ड लावून बसलेली पण खूप दुकानं आहेत. दुकानात जीएसटी नंबर आहे म्हणून ते स्क्रॅपिंग केंद्र होत नाही. यादीतलं नाव आणि बोर्डावरचं नाव जुळतंय का बघा, नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवा म्हणा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे का विचारा. आणि मी विचारले ते तीन प्रश्न तुम्ही पण विचारा. एसीचा गॅस कशात काढता? जळकं ऑइल कोणाला देता? बॅटरी आणि टायर कुठं जातात? चांगल्या केंद्रात माणूस लगेच उत्तर देतो, कारण त्यांना या प्रत्येक गोष्टीचा हिशोब ठेवावाच लागतो. बॅटरीला २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, टायर आणि वापरलेल्या ऑइलला घातक कचऱ्याच्या नियमांत वेगळी प्रकरणं आहेत, इलेक्ट्रॉनिक पार्टला ई-कचऱ्याचे नियम. एका ठिकाणी मला उत्तर मिळालं "ताई, तुम्हाला कशाला पाहिजे ते, तुम्ही पैसे घ्या". तिथून मी परत आले.

भावाचं म्हणाल तर वजनावर असतो, त्या आठवड्यातल्या लोखंडाच्या दरावर. सरकारनं २०२१ मध्ये धोरण आणलं तेव्हा नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के स्क्रॅप व्हॅल्यू धरली होती. ८०० चं वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे फार अपेक्षा नव्हती. तीन केंद्रांचे कोटेशन घ्या, आणि टोइंगचा खर्च त्यांचा की तुमचा ते कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर ऐन वेळी त्यातून कापतात.

पायरी ४: गाडी पाठवायच्या आधी काय करायचं, काय अजिबात नाही करायचं

आतलं सगळं सामान काढा. सीटखाली, डिकीत, सनव्हायझरच्या मागे हात घालून बघा. आम्हाला बाबांचा हरवलेला चष्मा आणि जेजुरीचा भंडारा बांधलेली पुडी सापडली. देवाचा फोटो, गणपती लावलेला असेल तर तो पण आठवणीनं काढा. फास्टॅग खरवडून काढा आणि बँकेला सांगून बंद करा.

आता काय करायचं नाही ते. घरीच ऑइल, कूलंट, पेट्रोल काढू नका. आमच्या शेजारच्या काकांनी चांगल्या मनानं सुचवलं होतं की ऑइल काढून गेटच्या बिजागरीला घालू आणि उरलेलं गटारात. नम्रपणे नको म्हटलं. गटारात ओतलेलं ऑइल पावसाच्या पाण्याबरोबर शेवटी आमच्या इथल्या पवना नदीतच जाणार, आणि आम्ही पाणी त्याच नदीचं पितो. केंद्रात खाली ट्रे, पंप, वेगळे ड्रम असतात, ते काम तिथंच होऊ दे. पेट्रोल मात्र टाकीत अगदी थोडंच राहील असं बघा, टोइंगला सुरक्षित.

बॅटरी, सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून वेगळं विकू नका. गॅरेजवाले हमखास सुचवतात की बॅटरीचे वेगळे पैसे करून देतो. केंद्राचा भाव पूर्ण गाडीचा असतो, पार्ट नसले की कापतात, आणि तो वेगळा काढलेला पार्ट पुन्हा त्याच उघड्या भट्टीत जातो ज्यासाठी हा सगळा खटाटोप. बॅटरी चांगली असेल आणि घरातल्या दुसऱ्या गाडीला बसत असेल तर वापरा, पण ते केंद्राला आधी सांगा. एसीचा गॅस तर कोणालाही 'रिकामा करून घेऊ' म्हणून सोडायला देऊ नका.

सीएनजी किट असेल तर फोन करतानाच सांगा. टाकी उघडायची असेल तर ती अधिकृत सीएनजी वर्कशॉपमध्येच, घराखाली पान्हा लावू नका. आणि टो करायला माणसं येतात तेव्हाच गाडीचे चारी बाजूंनी, नंबर प्लेटचा, चेसिस नंबरचा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा.

पायरी ५: जमा करताना आणि त्यानंतर

गाडी जमा झाली की केंद्र 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' देतं. हे कागदाचं पान लग्नाच्या सर्टिफिकेटइतकं जपा, कारण नव्या गाडीच्या सगळ्या सवलती याच्यावर आहेत. नव्या गाडीची रजिस्ट्रेशन फी माफ होते. रोड टॅक्समध्ये खाजगी गाडीला जास्तीत जास्त २५ टक्के आणि कमर्शियलला १५ टक्के सवलत द्यायची मुभा केंद्र सरकारनं राज्यांना दिलीय, प्रत्यक्षात किती द्यायची ते राज्य ठरवतं, म्हणून गाडी बुक करायच्या दिवशी आरटीओत चालू दर विचारा. काही कार कंपन्या पण यावर डिस्काउंट देतात, शोरूमवाला आपणहून सांगत नाही, तुम्हीच सर्टिफिकेट पुढे करा. तुम्हाला नवी गाडी घ्यायचीच नसेल तर हे सर्टिफिकेट दुसऱ्याला ट्रान्सफर करता येतं. त्याला मुदत असते, ती तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.

त्यानंतर गाडी आत जाते आणि खरं काम सुरू होतं. मी विनंती केली म्हणून मला लांबून बघू दिलं. आधी बॅटरी काढली, मग गाडी उचलून खालून ऑइलं एकेक करून वेगवेगळ्या ड्रममध्ये, एसीला नळी लावून गॅस एका सिलेंडरमध्ये ओढला, मग टायर, काचा, सीट, वायरिंग. याला ते डीपोल्युशन म्हणतात, आणि हे झाल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नसतो. चेसिस नंबरचा तुकडा वेगळा कापून ठेवला, म्हणजे तो नंबर दुसऱ्या चोरीच्या गाडीवर बसवता येणार नाही. बाबा बरोबर होते. स्टेअरिंग काढलं तेव्हा ते बाहेर जाऊन उभे राहिले, वीस वर्षं त्यांनी ते धरलं होतं.

सगळं तोडून झालं की दुसरं सर्टिफिकेट येतं, 'सर्टिफिकेट ऑफ व्हेइकल स्क्रॅपिंग'. पहिलं मिळालं की बरेच लोक निवांत होतात आणि दुसरं मागतच नाहीत. पहिलं सांगतं गाडी जमा झाली, दुसरं सांगतं गाडी आता अस्तित्वात नाही. दोन्ही पाहिजेत. त्यानंतर दर आठवड्याला परिवहनच्या अॅपवर नंबर टाकून बघत राहा, गाडीचं स्टेटस बदलून रजिस्ट्रेशन रद्द झालेलं दिसेपर्यंत बघणं थांबवू नका. नाही बदललं तर दोन्ही सर्टिफिकेट घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

इन्शुरन्स चालू असेल तर कंपनीला कळवून रद्द करा, उरलेल्या दिवसांचे पैसे मिळू शकतात, आणि नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं, नव्या गाडीला उपयोगी पडतं.

आधीच भंगारवाल्याला देऊन बसला असाल तर

आमच्या स्कूटरसारखं झालं असेल तर गप्प बसू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत किंवा लवकरात लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. १४ दिवस उलटून गेले असले तरी कळवलेलं बरं. आम्ही आधी ती तिन्ही चलनं भरली, पोलीस स्टेशनला गाडी कोणाला, कधी, कितीला दिली आणि नोटीस कशी आली हे सगळं लिहून अर्ज दिला, त्याची शिक्का मारलेली पोच घेतली, मग प्रतिज्ञापत्र, मूळ आरसी आणि ती पोच जोडून आरटीओत अर्ज केला. चार खेपा झाल्या. खिडकीवरच्या माणसानं पहिल्याच खेपेला विचारलं होतं की स्कूटरचे फोटो आहेत का, विक्रीची पावती आहे का. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, शेवटी बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मांडवाच्या मागे उभी असलेली स्कूटर सापडली, नंबर प्लेट वाचता येत होती, त्याचीच झेरॉक्स जोडली.